आलेला डोळा आणि लागलेला डोळा

मावळात डोळ्याचं औषध शोधायला लांब जावं लागत नाही. बांधावर रुई असते, वाटेच्या कडेला घेटुळी पसरलेली असते, परसात कोथिंबीर आणि कोरफड, फडताळात गुलाबपाण्याची बाटली. प्रश्न औषध मिळण्याचा नसतोच. कुठलं डोळ्यात घालायचं, कुठलं नुसतं पापणीवर लावायचं आणि कुठल्याला हातही लावायचा नाही, हे कुणाला विचारायचं हा प्रश्न असतो.

म्हणून लोणावळ्याजवळच्या औंढ्यात, एका ओट्यावर, मी दोन माणसं समोरासमोर बसवली आहेत. एक अण्णा, आयुर्वेदाची पदवी घेऊन गावातच राहिलेले वैद्य. दुसरी त्यांची पुतणी, पुण्याच्या एका नेत्र रुग्णालयात काम करणारी. माणसं कल्पनेतली आहेत. त्यांच्या तोंडची औषधं, साथी आणि चाचण्या मात्र खऱ्या. भाताची झोडणी चालू आहे, अंगणात इंद्रायणी भाताचा वास आहे आणि द्रुतगती मार्गावरच्या गाड्यांची घरघर काही थांबत नाही.

पुतणी: अण्णा, आत्ता गेला त्याच्या डोळ्यात काय घातलंत?

अण्णा: डोळ्यात काही नाही. पापणीवर बाहेरून लेप दिला. बिडालक म्हणतात त्याला. तुला वाटतं तसा मी उठसूट कुणाच्या डोळ्यात ओतत नाही.

पुतणी: पण तो म्हणत होता, घरी हळदीचं पाणी सोडलं दोन दिवस.

अण्णा: ते त्याच्या घरचं. माझ्या नावावर घालू नकोस.

पुतणी: हेच तर म्हणतेय. लोक ‘आयुर्वेद’ म्हणतात आणि त्यात तुमचा लेप, आजीची हळद, मोबाइलवर आलेला कांद्याचा रस आणि वैदूनं दिलेला पाला असं सगळं एकाच टोपलीत टाकतात.

अण्णा: मग टोपली निवड ना. सरसकट फेकून कशाला देतेस? 2023 ची साथ आठव. जुलैत आळंदीत पोरांचे डोळे यायला लागले, बघता बघता राज्यभर पसरलं. आपल्याकडंही घरोघरी काळे चष्मे. मी कोथिंबिरीच्या पाण्याच्या पट्ट्या दिल्या, हळदीचं फडकं वापरायला सांगितलं, काहींना त्रिफळ्याच्या काढ्याचं आश्चोतन केलं, म्हणजे डोळ्यात थेंब सोडले. एकाचाही डोळा गेला नाही. हा पुरावा नाही?

पुतणी: त्या साथीत ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचेही डोळे बरे झाले. विषाणूनं आलेले डोळे आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप उतरतात. तुमच्याकडं माणूस कधी येतो? तिसऱ्या-चौथ्या दिवशी, चिपडांनी पापण्या चिकटायला लागल्या की. म्हणजे दुखणं उताराला लागतं त्याच वेळी तुमची पट्टी सुरू होते. पुढच्या दोन दिवसांत उतार पडला की श्रेय पट्टीला.

अण्णा: आणि तुमच्या थेंबांना?

पुतणी: त्यांनाही तेच लागू. विषाणूवर अँटिबायोटिकचे थेंब काही करत नाहीत. तरी त्या महिन्यात दुकानांतून ते धो-धो खपले. जंतूंनी आलेल्या साध्या डोळ्यांतही अँटिबायोटिकचा फायदा असतो, पण बेताचा. अशा चाचण्यांत औषध नसलेले थेंब मिळालेल्यांतलेही पुष्कळ जण बरे झालेले दिसतात. मी माझ्या बाजूचंही लपवत नाही.

(इथं अण्णांना हसू आवरत नाही. पण पुतणीनं जे कबूल केलं, ते त्यांच्याच दाव्याच्या मुळावर येतं, हे त्यांच्या थोडं उशिरा लक्षात येतं.)

डोळ्यांच्या साथीला लोक नावं मोठी झोकात देतात. 1969 मध्ये घानात रक्ताळलेल्या डोळ्यांची मोठी साथ आली, त्याच सुमारास माणूस चंद्रावर उतरला होता, म्हणून तिकडं तिला ‘अपोलो’ म्हणू लागले. 1971 मध्ये बांगलादेशाच्या लढ्याच्या दिवसांत कोलकात्यात लोक डोळे येण्याला ‘जय बांगला’ म्हणत. प्रत्येक ठिकाणी तिथला पाला, तिथलं पाणी डोळ्यात गेलं असणार आणि त्यालाच गुण आला असं म्हटलं गेलं असणार.

अण्णांच्या यादीतलं मला सगळ्यांत पटलं ते हळदीचं फडकं. जुनं, मऊ झालेलं सुती धोतर फाडून हळदीच्या पाण्यात बुडवायचं, वाळवायचं आणि त्यानं डोळे टिपायचे. त्यातल्या हळदीनं विषाणू मरत असेल असं मला वाटत नाही. पण पिवळं फडकं घरात उठून दिसतं, ते ज्याचं त्याचं राहतं, आणि माणूस बोटानं डोळा चोळायचा थांबतो. अट एकच, घरातल्या चौघांनी एक फडकं वापरता कामा नये. आणि वापरतात तर तेच.

अण्णा: बरं, साथ सोड. दारुहळदीचं बोल. तिचा काढा आटवून घट्ट केलेलं ते रसांजन. बाजारात रसोत म्हणून मिळतं. डोळ्यांसाठी ते ग्रंथांत आहे. त्याचं काय करतेस?

पुतणी: त्याच्यापुढं मी हात जोडते. दारुहळदीत बर्बेरिन नावाचं पिवळं द्रव्य असतं. खुपऱ्यांच्या रोग्यांवर त्याच्या थेंबांच्या चाचण्या आपल्याच देशात झाल्या, 1982 मध्ये छापून आल्या. समोर सल्फासिटामाइड ठेवलं होतं, तेव्हाचं नेहमीचं औषध. वरवरची लक्षणं सल्फानं जरा बरी उतरली. पण पापणीच्या आतून खरवडून पाहिलं तेव्हा सल्फावाल्यांत जंतू शिल्लक होता आणि रोग उलटत होता. बर्बेरिनवाल्यांत तसं झालं नाही.

अण्णा: बघ! आणि हे तू मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस.

पुतणी: कारण तुम्ही लगेच रसोत पाण्यात कालवून कुणाच्या तरी डोळ्यात घालाल. चाचणीत गेलं ते मोजून घेतलेलं शुद्ध बर्बेरिन, निर्जंतुक थेंबांत. दुकानातल्या रसोतीच्या खड्यात बर्बेरिन किती, भेसळ किती, माती किती, कुणी सांगावं? शिवाय त्या चाचण्या लहान होत्या. त्यांच्यामागून मोठं काम उभं राहिलं नाही. खुपऱ्या पुढं वेगळ्या वाटेनं हटल्या, स्वच्छ पाणी, संडास, अझिथ्रोमायसिन. ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातून खुपऱ्यांचं सार्वजनिक संकट संपल्याचं जाहीर केलं.

अण्णा: मोठं काम उभं राहिलं नाही, कारण दारुहळदीचं पेटंट कुणाला घेता येत नाही. मग पैसा कोण घालणार?

पुतणी: हे खरं आहे. याला माझ्याकडं उत्तर नाही. पण लोणावळ्यातच एका माणसानं पैशाची वाट न बघता काम सुरू केलं होतं ना? जगन्नाथ गणेश गुणे. स्वामी कुवलयानंद झाले, 1924 मध्ये कैवल्यधाम काढलं. नौली करताना पोटात दाब किती पडतो ते नळ्या घालून मोजलं, क्ष-किरण काढले आणि ‘योगमीमांसा’ त्रैमासिकात छापलं. योगावर त्यांची श्रद्धा कमी होती का? तरी मोजलंच. औंढ्यापासून हे किती लांब आहे?

अण्णा: तू सुश्रुताला मोजमाप शिकवू नकोस. उत्तरतंत्रात 76 नेत्ररोग सांगितलेत. अभिष्यंदाचे, म्हणजे डोळे येण्याचे, चार प्रकार. आणि काय करू नये तेही सांगितलंय. डोळे नुकतेच आलेत, दोष कच्चे आहेत, अशा वेळी अंजन घालू नये. पहिले दिवस लंघन, हलकं अन्न, बाहेरून लेप आणि शेक. आजच्या कुठल्या मोबाइलवाल्यानं हे वाचलंय? तो पहिल्याच दिवशी डोळ्यात मध ओततो.

पुतणी: हे मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे ज्या दिवसांत लोक सगळ्यांत जास्त उपाय करतात, नेमके तेच दिवस तुमच्या ग्रंथात हात आवरायला सांगतात.

अण्णा: आणि आश्चोतनाचा काढा गाळून घ्यायचा असतो. फडक्यातून, नीट.

पुतणी: फडक्यातून गाळला की चोथा जातो, अण्णा, जंतू जात नाहीत. काढा उकळला तेव्हा जंतू मेले, पण तो निवायला ठेवला, भांड्यात पळी घातली, कापसाचा बोळा बुडवला की पुन्हा आले. त्रिफळ्याच्या काढ्यानं प्रयोगशाळेतल्या बशीत जंतूंची वाढ कमी होते, हे दिसलंय. पण तोच काढा रात्रभर तांब्यात ठेवून सकाळी डोळे धुतले, तर त्यात काय वाढलंय कुणी बघितलं? पाण्यात राहणारा स्यूडोमोनास नावाचा जंतू आहे. बुबुळाला जखम असेल आणि तो आत शिरला, तर दोन दिवसांत बुबुळ विरघळायला लागतं. मी पाहिलंय.

अण्णा: बुबुळ विरघळवणारे थेंब तुमच्याच कारखान्यांतून अमेरिकेला गेले होते. पेपरात वाचलं मी.

हा घाव वर्मी बसणारा आहे. 2023 मध्ये चेन्नईजवळच्या एका कंपनीत बनलेल्या ‘कृत्रिम अश्रूं’च्या थेंबांशी अमेरिकेतल्या स्यूडोमोनासच्या मोठ्या साथीचा संबंध जोडला गेला. तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं मे महिन्यात आकडे दिले: 18 राज्यांत 81 रोगी, 14 जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळाच काढावा लागला, चार मृत्यू. बाटली सीलबंद होती, लेबल इंग्रजीत होतं, कंपनी नोंदणीकृत होती.

पुतणी: हो. आणि ते कसं कळलं हेही वाचलं असेल. वेगवेगळ्या राज्यांतल्या रुग्णालयांनी नमुने पाठवले, जंतूचा एकच वाण निघाला, रोग्यांना विचारत विचारत बाटलीपर्यंत पोचले, माल परत बोलावला. वर्षाच्या आत. आता सांगा, आपल्या पंचक्रोशीत कुणाच्या पाल्यानं डोळा गेला तर ते कुणाला कळतं?

अण्णा: मला कळेल.

पुतणी: तुम्हाला कसं कळेल? ज्याचा डोळा बरा झाला तो तुमच्याकडं नारळ घेऊन येतो. ज्याचा चिघळला तो पुण्याला हडपसरच्या देसाई रुग्णालयात किंवा ससूनला जातो, आणि तिथं तो तुमचं नाव सांगत नाही. विचारलं तर ‘काही घातलं नव्हतं’ म्हणतो. तुमच्या वहीत फक्त नारळवाले आहेत.

अण्णा थोडा वेळ काही बोलत नाहीत. मला विचाराल तर या सगळ्या वादाचं मर्म इथं आहे. परंपरेत ज्ञान नाही असं नाही. परंपरेला आपल्या चुका परत येऊन भेटत नाहीत. जो उपाय हजार वेळा निरुपद्रवी ठरला आणि दहा वेळा डोळा घेऊन गेला, तो गावाच्या आठवणीत हजार वेळा गुणकारीच राहतो.

अण्णा: रुईचं मात्र मी कुणाला सांगत नाही हो.

पुतणी: सांगायची गरजच कुठं पडते? शनिवारी मारुतीला हार करायला पोरं रुईची पानं खुडतात, चीक हाताला लागतो, तोच हात डोळ्याला. सुरुवातीला फारसं दुखत नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. संध्याकाळपर्यंत सगळं धुक्यातून बघितल्यासारखं दिसायला लागतं. चीक बुबुळातून आत उतरतो आणि सगळ्यांत आतल्या थराला सूज आणतो. वेळेवर आला तर बहुतेकांचं उतरतं. पण त्या क्षणी करायचं काय, तर नळाखाली डोळा धरून भरपूर वेळ धुवायचा आणि तसंच निघायचं. दुसरा पाला शोधत बसायचं नाही.

अण्णा: आणि बाळाच्या डोळ्यात आईचं दूध? त्यावर तुमचे डॉक्टर बायकांना ओरडतात.

पुतणी: ओरडतात. पण जपानमध्ये याची रीतसर चाचणी झाली, 2021 मध्ये छापून आली. सहा महिन्यांच्या आतली, चिपडं येणारी बाळं. तिथल्या नेहमीच्या सौम्य थेंबांपेक्षा आईचं दूध कमी पडलं नाही.

अण्णा: अरे वा!

पुतणी: वा म्हणा, पण पुढचं ऐका. लहान बाळांच्या डोळ्याला चिपडं येतात ती बरेचदा अश्रूंची वाट पुरती उघडली नसल्यामुळं. ती बहुतेक वेळा आपोआप उघडते. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत पापण्या टम्म सुजून पू वाहायला लागला, तर ते प्रकरण निराळं. परम्याचा जंतू असेल तर बुबुळाला भोक पडायला वेळ लागत नाही. 1881 मध्ये जर्मनीत क्रेडे नावाच्या डॉक्टरनं नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायची पद्धत काढली, तोवर युरोपात कितीतरी पोरं याच रोगानं आंधळी होत होती. त्या बाळाला दूध घालून वाट बघत बसायचं नाही.

इथं अंगणातून कुणीतरी हाक मारतो. झोडणी करणारा एक जण डावा डोळा फडक्यानं दाबून उभा आहे. पेंढी आपटताना तूस उडालं, सकाळपासून खुपतंय, पाणी येतंय. ‘अण्णा, काहीतरी घाला.’ लोणावळा-वडगावच्या पट्ट्यात या दिवसांत हे नेहमीचं. डोळ्यात कुसळ गेलं, पातीचं टोक लागलं, तूस उडालं. डोळा आला नाही, डोळ्याला लागलं.

पुतणी: या डोळ्यात काहीही घालू नका. लेपसुद्धा नको.

अण्णा: तुझ्या आधी मला माहीत आहे ते.

पुतणी: माहीत असेल, पण का ते त्याच्यासमोर सांगते, म्हणजे घरी जाऊन दूध-हळद करणार नाही. बुबुळावर एक पातळ पापुद्रा असतो. तुसानं तो ओरखडला. तुसावर बुरशी असते. भाताच्या दमट शेतात तर असतेच. ती ओरखड्यातून आत बसते. फ्युजेरियम, अ‍ॅस्परजिलस असली नावं आहेत. ती जंतूसारखी घाईनं वाढत नाही. आठ-दहा दिवस नुसतं लाल, नुसतं खुपतं. तेवढ्यात हा चार उपाय करतो. मग एक दिवस बुबुळावर पांढुरका डाग दिसतो, कडा पिसासारख्या फुटलेल्या. आपण म्हणतो, फूल पडलं. तिथून डोळा परत आणणं फार अवघड.

अण्णा: आणि तो मेडिकलमध्ये गेला तर?

पुतणी: तर आणखी वाईट होऊ शकतं. दुकानदार स्टेरॉइड मिसळलेले थेंब देतो. दोन दिवस लाली उतरते, माणूस खूश, आणि आत बुरशीला मोकळं रान. या बुरशीवरचं औषध नटामायसिन. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात 2013 च्या चाचणीत महागड्या वोरिकोनाझोलपेक्षा तेच सरस ठरलं. पण आधी बुबुळ खरवडून काचेवर बघावं लागतं की बुरशी आहे की जंतू. ती तपासणी स्वस्त आहे, पण ती करणारा माणूस आणि सूक्ष्मदर्शक हवा.

अण्णा: हे सगळं पुण्यात. आज याची मजुरी बुडाली, उद्या पुण्याला जायचं म्हणजे उद्याचीही, एसटीचं भाडं वेगळं, बरोबर बायको. कातकरी वस्तीवरचा असता तर गेलाच नसता. तो माझ्याकडं येतो कारण मी इथं आहे. तुझ्या चाचण्यांत हे कुठं बसतं?

पुतणी: बसतं. नेपाळमध्ये भक्तपूरला गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांना साधं क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम देऊन ठेवलं. बुबुळ ओरखडलेलं माणूस आलं की तीन दिवस मलम. 442 जणांपैकी 424 बरे झाले. ज्या 284 जणांना लागल्यापासून 18 तासांच्या आत मलम मिळालं, त्यांच्यातल्या एकालाही फूल पडलं नाही.

अण्णा: मग झालं! मलम द्या गावोगाव.

पुतणी: थांबा. पुढं नेपाळमध्येच कितीतरी मोठी चाचणी झाली. काही भागांत अशा कार्यकर्त्या नेमल्या, काही भागांत नाही. 2022 मध्ये निकाल छापला. दोन्हीकडं फुलं पडण्याचं प्रमाण सारखंच निघालं.

अण्णा: म्हणजे तुमचाही पुरावा फिरतो.

पुतणी: फिरतो. पण फिरला हे छापलं जातं. ज्यांना मलम वेळेत मिळालं त्यांना फायदा झाला नाही असा त्याचा अर्थ नाही. सगळे वेळेत पोचले नसतील, काहींनी आधी घरचं काही घातलं असेल, किंवा मलमानं बुरशी मरत नाही हेच आड आलं असेल. मला अजून ठाम सांगता येत नाही. पण वेळ गमावली की हाती फार थोडं उरतं, याबद्दल शंका नाही.

अण्णा त्या माणसाला ओट्यावर बसवतात. पुतणी मोबाइलचा दिवा लावून पापणी अलगद खाली ओढते, बोट डोळ्याला लागू न देता.

पुतणी: तूस निघून गेलंय, पण ओरखडा दिसतोय मला. आज संध्याकाळच्या आत लोणावळ्यात डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा. झाकून, दाबून बांधू नका. चोळू नका. घरात जुने थेंब पडले असतील तर ते घालू नका. उघडून महिना झालेली बाटली टाकून द्यायची असते.

अण्णा: लोणावळ्यापर्यंत तो जाईल. माझ्या पोराच्या मोटारसायकलवरून पाठवतो. पण तिथं नटामायसिन मिळेल का?

पुतणी: लागेलच असं नाही, अण्णा. तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

अण्णा: लागलं तर? तू म्हणतेस मी वेळ घालवतो. बरं, नाही घालवत. उद्यापासून लागलेला डोळा माझ्या ओट्यावरून सरळ पुढं जाईल. आलेल्या डोळ्याला मी लेप देणार, आश्चोतन बंद करतो म्हणत नाही. पण माझ्याकडून पुढं गेलेला माणूस दुकानातून स्टेरॉइडचे थेंब घेऊन परत येणार नाही, याची हमी कोण देणार? तू?

पुतणी: मी नाही देऊ शकत. वडगावला सरकारी रुग्णालयात विचारते, बुबुळ खरवडून बघायची सोय करता येईल का.

अण्णा: विचार. आणि मला एक वही आणून दे. तुझ्या त्या नारळवाल्यांची नावं जुन्या वहीत आहेतच. आता हा आज गेला तो कुठं गेला, आणि त्याचा डोळा राहिला का, तेही लिहीत जाईन.

मोटारसायकल सुरू होते. मागं बसलेला माणूस अजून डोळा दाबूनच धरतोय, आणि अण्णा ओट्यावरूनच ओरडतात, ‘अरे, हात काढ त्यावरचा!’